पोळीला डेर, डी की डास?

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका शाळेत चार वर्षं जर्मन शिकवते. नववीचा वर्ग, 46 मुलं. उन्हाळ्यात एका ट्रेनिंगला गेले होते, तिथे प्रोजेक्टमधून भाषा कशी शिकवायची ते ऐकलं आणि एकदम भारावून गेले. जुलैत लगेच 'जर्मनीची ओळख' असा प्रोजेक्ट दिला, आठ गट केले. हातात काय आलं तर आठ चार्ट, आठही चार्टवर तोच डोंगरावरचा पांढरा राजवाडा, आणि खाली असा मजकूर की दोन शब्द मलाच डिक्शनरीत बघावे लागले. वाचून दाखवा म्हटलं तर एकालाही धड वाचता येईना. काम प्रत्येक गटात दोघांनीच केलं होतं, बाकीचे बसून. एका मुलीने तर पहिल्याच दिवशी विचारलं, मॅम हे परीक्षेला आहे का? नाही म्हटल्यावर तिने वही बंद केली. पालक म्हणतात पोर्शन मागे पडला, मोठ्या बाई म्हणतात वर्गाचा आवाज खालपर्यंत येतो. मुलांना भाषेत इंटरेस्टच नाही की चूक माझी आहे? हे सगळं सोडून परत शब्द पाच-पाच वेळा लिहायला लावू का? खरं सांगायचं तर मलाच आता नववीच्या तासाला जावंसं वाटत नाही. आणि मला अगं-तुगंच करा."

अगं, तुझं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती त्या वही बंद करणाऱ्या मुलीपाशी. तू तिच्यावर नाराज आहेस हे कळतंय मला, पण ती उद्धट नाहीये गं, तिने अगदी रास्त प्रश्न विचारलाय. आजवर शाळेत तिने जे काही लिहिलं ते वाचणारा माणूस एकच, पेपर तपासणारा, त्यामुळे हे कुणी वाचणार आहे का असं विचारायला तिच्याकडे दुसरे शब्दच नाहीत, ती परीक्षेला आहे का असंच विचारणार. आणि खरं उत्तर काय होतं सांग बरं, तो चार्ट कोण वाचणार होतं? तुला जर्मनी माहितीये, वर्गातल्या बाकीच्या सात गटांनी तोच राजवाडा काढलाय, आणि दोन दिवसांनी ते सगळे चार्ट गुंडाळी होऊन कपाटावर गेले असणार. मग तिने वही बंद केली तर त्यात आळशीपणा कुठे आला.

तुझी चूक झाली का, तर हो, झाली, पण ती मुलांवर विश्वास ठेवल्याची नाही आणि प्रोजेक्ट निवडल्याची पण नाही. प्रोजेक्टच्या पलीकडच्या टोकाला माणूस नव्हता, एवढीच चूक आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

दुसरं म्हणजे आपल्याकडे प्रोजेक्ट या शब्दाचं जे काही करून ठेवलंय ते पण लक्षात घे. रविवारी रात्री नऊ वाजता आठवतं की उद्या प्रोजेक्ट द्यायचाय, मग बाबा स्टेशनरीच्या दुकानात पळतात, चित्रांचा तक्ता आणि थर्माकोल आणतात, आई कात्री घेऊन बसते, ताई-दादा नेटवरून माहितीची प्रिंट काढतात, आणि ज्याचा प्रोजेक्ट आहे ते मूल तोवर झोपलेलं असतं. पहिलीपासून हेच बघितलेल्या पोरांना तू नववीत म्हणालीस की प्रोजेक्ट करायचाय, त्यांनी प्रोजेक्ट म्हणजे जे माहितीये तेच केलं, तुझ्या मनातला अर्थ त्यांना कुणी कधी दाखवलाच नव्हता. म्हणून पुढच्या वेळी तो शब्दच वापरू नकोस असं मी म्हणेन, नुसतं सांग की आपल्याला अमुक माणसाला तमुक गोष्ट सांगायचीये.

मूळ कल्पना खूप जुनी आहे आणि चांगली आहे. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिकने 1918 मध्ये प्रोजेक्ट पद्धतीवर लेख लिहिला, त्यात त्याचा भर होता की मुलाने मन लावून, स्वतःचा हेतू धरून केलेलं काम असलं पाहिजे. आणि आपल्याकडे तर 1937 ची वर्ध्याची शिक्षण परिषद आहे, नई तालीम, टकळीवर सूत काढायचं, ते मोजायचं, त्याचं गणित मांडायचं. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या सुताचा पुढे काहीतरी उपयोग व्हायचा होता, ते भिंतीला चिकटवायला काढलेलं नव्हतं.

परदेशी भाषेच्या बाबतीत मला सगळ्यात आवडतं ते उदाहरण जर्मनीतलंच आहे, फक्त उलट्या बाजूने. तिकडच्या सहावीच्या मुलांना, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या पोरांना, इंग्रजी शिकवायचं होतं आणि मुलांनी जायचं कुठे तर फ्रांकफुर्टच्या विमानतळावर. मिखाएल लेगुटके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर लिहिलं, आमच्या पिढीतल्या बऱ्याच भाषाशिक्षकांपर्यंत ते पोचलं. मुलं टेपरेकॉर्डर घेऊन विमानतळावर उभी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना इंग्रजीत विचारतायत, तुम्ही कुठून आलात, कुठे चाललात, दोन मिनिटं बोलाल का. आता विचार कर, समोर खरा माणूस आहे, त्याला तुमची भाषा येत नाही, त्याचं विमान आहे, आणि तुमचं वाक्य चुकलं तर तो 'काय?' म्हणून निघून जाणार आहे. त्या मुलांना इंग्रजीची गरज का आहे हे कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल. आणि हे पण बघ की आज सांगितलं आणि उद्या नेलं असं नव्हतं, आधी वर्गात त्याची भरपूर तयारी होती. लोक ही विमानतळाची गोष्ट सांगतात तेव्हा तयारीचा भाग गाळतात, आणि ट्रेनिंगमध्ये तुलाही बहुतेक तोच भाग कुणी सांगितलेला नाही.

तू म्हणशील ताई, पिंपरीत विमानतळ नाही आणि जर्मन माणूस मी कुठून आणू. सांगते.

मी स्वतः सुरुवातीची बरीच वर्षं जर्मन खाद्यजत्रा भरवायचे. बटाट्याचं सॅलड, केक, रंगीत झेंडे, पालक यायचे, फोटो छान यायचे. एका वर्षी मी मुद्दाम कोपऱ्यात उभी राहून ऐकलं तर दोन तासांत एक मूल एक वाक्य जर्मन बोललेलं नाही, सगळं मराठीत, स्वाभाविकच आहे, समोर मावशी आणि काका उभे आहेत, त्यांच्याशी कोण जर्मन बोलेल. मला खूप वाईट वाटलं होतं त्या दिवशी. मग माझा एक जुना विद्यार्थी, बारावीनंतर जर्मनीला आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे काम करता करता शिकायच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी, गेलेला, श्टुटगार्टजवळ राहायचा, त्याला मी मेसेज केला की तुझ्या ओळखीच्या कुणाला आपल्या मुलांशी वीस मिनिटं बोलायला वेळ आहे का. त्याच्या घरमालकीण बाई तयार झाल्या. साठीच्या, मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली, भारताबद्दल माहिती अशी फार नाही. आणि त्यांनी एकच प्रश्न पाठवला, तुम्ही शाळेत डब्यात काय नेता?

त्या एका प्रश्नावर आमचे तीन आठवडे गेले. कारण पोळी-भाजी हे उत्तर त्यांना कळणार नव्हतं. पोळी म्हणजे काय सांगायचं? ब्रोट म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर तो मोठा तपकिरी पाव येणार. मग मुलांनी फ्लाडनब्रोट हा शब्द शोधला, चपटी भाकरी-पोळी असते तसली, त्याला पातळ हे विशेषण लावायचं म्हणजे विशेषणाचा शेवट बदलणार, आणि मग खरी लढाई सुरू झाली ती ही की पोळीचं लिंग काय. जर्मनमध्ये प्रत्येक नामाआधी तो असेल तर डेर, ती असेल तर डी आणि ते असेल तर डास लावावं लागतं. मग डेर पोळी, डी पोळी की डास पोळी? एरवी डास म्हटलं की आमचा वर्ग हसतो, त्या दिवशी कुणी हसलं नाही. मुलींचा एक गट म्हणाला ती पोळी, म्हणजे डी. मागच्या बाकावरून उत्तर आलं की जर्मनला काय माहीत मराठीत ती आहे ते, ब्रोट जर डास आहे तर पोळी पण डासच. तिसऱ्याने विचारलं मग लाडूचं काय. पंचवीस मिनिटं ही मुलं लिंगावर भांडत होती गं, ज्यांच्याकडून मी वर्षभर तक्ते पाठ करून घेत होते. मी निकाल दिला नाही, बाईंनाच विचारा म्हटलं.

आणि मागच्या बाकावरचा तो मुलगा. अख्ख्या पहिल्या सत्रात माझ्याशी जर्मनमध्ये 'या' आणि 'नाइन', म्हणजे हो आणि नाही, सोडून काही बोलला नव्हता. त्याला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं, माझ्याकडे एक सफरचंद आहे. इश हाबं आइन आप्फल, असं तो म्हणायचा. तिथे आइनन पाहिजे, कर्म आहे ना, आकुझाटिव्ह. हे मी फळ्यावर किती वेळा शिकवलं असेल याची मोजदाद नाही. कॉलच्या आधी बाईंना छोटा ऑडिओ पाठवायचा होता तर तो माझा फोन घेऊन व्हरांड्यात गेला, रेकॉर्ड केलं, ऐकलं, पुसलं, परत केलं. मित्र शेजारी उभा राहून सांगतोय, आइनन म्हण ना, आइन नाही. सात वेळा केलं त्याने. मी त्याला एकदाही पुन्हा कर म्हटलेलं नव्हतं. आठव्या वेळी बरोबर आलं तेव्हा फोन परत देताना म्हणाला, मॅम आता पाठवा, पण आधीचे डिलीट केलेत ना नक्की?

कॉल मात्र पाच मिनिटं कोसळलाच. बाई भराभर बोलायला लागल्या, मुलं एकमेकांकडे बघायला लागली, आणि तेव्हा मला कळलं की मी उत्तरं शिकवली पण कळलं नाही तर काय म्हणायचं ते शिकवलंच नाही. मग एका मुलीने हळूच म्हटलं, लांगझामर बिटं, जरा हळू प्लीज, बाई थांबल्या, सॉरी म्हणाल्या, आणि मग सगळं रुळावर आलं. त्यांनी त्यांचा ब्रोटडोझं दाखवला, म्हणजे शब्दशः पावाचा डबा, मुलांना फार मजा वाटली की तिकडे डब्याच्या नावातच पाव आहे. पोळीच्या लिंगाचा प्रश्न आला तेव्हा त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या की मला नाही सांगता येणार, तुम्ही सांगाल ते. तेवढ्यात शेजारी बसलेला आमचा विद्यार्थी म्हणाला, मी तर डीच म्हणतो, आई ती पोळी म्हणते ना. मुलींचा गट जिंकला.

हे एवढं लांब सांगितलं कारण मोटिव्हेशनबद्दल मला जे म्हणायचंय ते यातच आहे. आपण समजतो की आधी आवड पाहिजे मग मूल काम करेल. वर्गात मला नेहमी उलटंच दिसलंय, आधी काहीतरी जमतं, दुसऱ्या माणसापर्यंत पोचतं, मग आवड लागते. त्या मुलाला सफरचंदाच्या वाक्याआधी जर्मनची आवड नव्हती, नंतर पण लगेच फार आली असं नाही, पण पुढच्या तासाला तो दुसऱ्या बाकावर येऊन बसला.

यावर संशोधन पण भरपूर झालंय. गार्डनर आणि लॅम्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये माँट्रियलच्या हायस्कूलमधल्या मुलांवर अभ्यास मांडला होता, तिथली इंग्रजी बोलणारी मुलं फ्रेंच शिकत होती. त्यातून पुढे ती प्रसिद्ध विभागणी आली, काही लोक भाषा शिकतात ती बोलणाऱ्यांच्यात मिसळायला आणि काही शिकतात नोकरी-फायद्यासाठी. आपली मुलं आठवीत हिंदी-संस्कृतऐवजी जर्मन का घेतात हे तुला मला माहितीये, स्कोअरिंग आहे म्हणून, आणि त्यात काही पाप नाहीये, त्यांना त्यावरून टोमणे मारू नकोस प्लीज. पण माँट्रियलमध्ये फ्रेंच बोलणारे शेजारी होते, दुकानात, बसमध्ये. आपल्याकडे तसं काही नाही, मग मिसळायचं कुणात? इथे मला झोल्तान डॉर्न्येई यांचं म्हणणं जास्त उपयोगी वाटतं, हंगेरीचे होते, 2005 च्या सुमारास त्यांनी मांडलं की ती भाषा बोलणारा उद्याचा मी मला डोळ्यांसमोर दिसतो का, त्यावर बरंच काही अवलंबून असतं. आपल्या पोरांना तो दिसत नाही गं. औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज बसने जाणाऱ्या कितीतरी मुलांना ब्रेमेन हे जर्मनीतलं शहर आहे आणि पुण्याची त्याच्याशी जुनी मैत्री आहे हेच माहीत नसतं. चाकणला फोक्सवागनच्या कारखान्यात कुणाचा तरी काका असतो पण तो आणि आपला डेर-डी-डासचा तक्ता यांचा काही संबंध आहे असं त्यांना वाटत नाही. तुझा तो मोठा राजवाडा दाखवून हे होणार नाही, राजवाड्यात कुणी राहायला जाणार नाहीये. पण आपल्याच शाळेतून गेलेला, आपल्यासारखंच मराठी बोलणारा दादा तिकडे घरमालकिणीशी गप्पा मारतोय हे दिसलं की काहीतरी हलतं.

आता तुझ्या वर्गाचं बोलू. माणूस शोध, सगळ्यात आधी हेच, विषय नंतर. शाळेचे माजी विद्यार्थी हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, सगळ्या शाळांचे व्हॉट्सॅप ग्रुप असतात, त्यात एक मेसेज टाक. नाहीच मिळालं तर दुसऱ्या गावातल्या शाळेचा जर्मनचा वर्ग शोध आणि खरी कागदी पत्रं पाठवा. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा खेड्यातला शिक्षक 1920 च्या दशकात वर्गात छापखाना घेऊन बसला होता, मुलं स्वतःचे मजकूर छापायची आणि दूरच्या शाळेला पाठवायची, तिकडून उत्तर यायचं. आता नाशिकच्या आणि पिंपरीच्या मुलांनी एकमेकांना जर्मनमध्ये लिहायचं म्हणजे थोडं कृत्रिम आहे हे मला मान्य आहे, दोघांनाही मराठी येतं, कोपऱ्यात बारीक अक्षरात मराठी येणारच. येऊ दे. पत्राची वाट बघणारं एक अनोळखी मूल पलीकडे आहे ना, मग पुरे. आठवीच्या मुलांसाठी छोटी ऑडिओ गोष्ट करणं हा पण चांगला उपाय आहे, लहानांसमोर चुकायला मोठ्यांना आवडत नाही त्यामुळे तयारी आपोआप होते.

प्रश्न छोटा ठेव. जर्मनीची ओळख हा विषय अख्ख्या देशाएवढा आहे आणि नववीची भाषा आहे ए-वनची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, माझं नाव, माझं घर, मला आवडतं, माझ्याकडे आहे. विषय भाषेपेक्षा मोठा झाला की मूल गूगल ट्रान्सलेटकडे किंवा चॅटजीपीटीकडे जाणारच, दुसरं करणार काय, त्याच्याकडे शब्दच नाहीत. मी या गोष्टींवर बंदी घालायच्या विरुद्ध आहे, बंदी घातली तरी घरी कोण बघणार आहे. दोन गोष्टी कर. एक म्हणजे प्रश्नच असा ठेव ज्याचं उत्तर मशीनकडे नाही, तुझ्या डब्यात काल काय होतं हे त्याला कसं कळणार. आणि दुसरं, वर्गात एक नियम कर की जे तोंडाने बोलता येत नाही ते कागदावर लिहायचं नाही. एखादा शब्द शोधायचाय तर खुशाल शोधा, पण वाक्य तुमचं, आणि त्यावर समोरच्याने प्रश्न विचारला तर उत्तर देता आलं पाहिजे. तुझ्या आठ चार्टना हा नियम लावला असता तर सगळे मजकूर चार-चार ओळींचे झाले असते आणि ते चालले असते.

ट्रेनिंगमध्ये तुला सांगितलं असेल की शिक्षकाने मागे राहावं, मुलांना मोकळं सोडावं. ए-वनच्या वर्गात हे करू नकोस, माझं यावर अगदी ठाम मत आहे. ज्यांच्याकडे दोनशे शब्द आहेत त्यांना मोकळं सोडणं म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणं. आधी दोन तास सरळ शिकव, फळ्यावर, मोठ्याने म्हणून घे, जोड्यांत घोकून घे, पाच वेळा लिहायला लाव हवं तर, त्यात काही कमीपणा नाही. फक्त ते लिहिणं कशासाठी आहे हे मुलांना माहीत असलं पाहिजे, शनिवारी त्या बाईंना विचारायचंय म्हणून. आणि नाही कळलं तर म्हणायची तीन वाक्यं पहिल्याच दिवशी दे, वी बिटं, नोखमाल बिटं, लांगझामर बिटं, म्हणजे काय म्हणालात, परत एकदा प्लीज, जरा हळू प्लीज. माझ्यासारखं कॉलच्या मध्यात लक्षात यायला नको. आपसांत ठरवताना मुलं मराठीत बोलली तर बोलू दे, मोठ्या बाईंना आवाज ऐकू येतो तो बहुतेक त्याचाच, पण जे बाहेर जाणार ते जर्मनमध्ये.

46 मुलांसाठी गट चारचे कर, सहाचे नको, सहात दोघं आरामात लपतात. प्रत्येकाच्या तोंडी निदान दोन वाक्यं पाहिजेतच, दुसऱ्या कुणी म्हणून चालणार नाही. एक प्रश्न विचारणार, एक उत्तर लिहून घेणार, एक कळलं नाही तर मध्ये पडणार, एक शेवटी सांगणार, आणि पुढच्या वेळी कामं बदलायची. खर्च शून्य रुपये हा पण नियम कर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण रंगीत प्रिंट आणि थर्माकोलमध्ये कुणाच्या घरी काय परवडतं ते सगळ्या वर्गाला दिसतं आणि ज्याला परवडत नाही तो विषयापासूनच लांब जातो. फोन एकच पुरतो, तुझा.

मार्कांचं म्हणशील तर गटाला मार्क देऊ नकोस, प्रत्येकाशी एक मिनिट बोल आणि त्यावर दे. पालकांना चिठ्ठी पाठव की या तीन आठवड्यांत पुस्तकातले अमुक दोन धडे आणि आकुझाटिव्ह याच कामातून होतंय, आणि ते खरंच होऊ दे. ज्यांना पुढे ए-वनची परीक्षा द्यायचीये त्यांच्या आईबाबांना हे पण सांग की त्यात बोलण्याचा भाग असतो, स्वतःची ओळख करून द्यायची, कार्डावरचा शब्द बघून प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, मग एखादी विनंती करायची. म्हणजे आपण करतोय ते नेमकं तेच आहे. मोठ्या बाईंना शेवटच्या पंधरा मिनिटांना वर्गात बोलाव, आधी परवानगी वगैरेच्या चर्चेत पडू नकोस, नुसतं या म्हण.

सत्रात एक असं काम पुरे. वर्षभर सगळंच असं शिकवता येत नाही, लिंगं आणि क्रियापदं शेवटी पाठ करावीच लागतात. आणि सगळी 46 उजळून निघतील असंही होणार नाही, माझ्या त्या वर्गात पण सात-आठ जण शेवटपर्यंत कोरडेच राहिले, त्यांच्यापर्यंत मी पोचले नाही.

आता तुझं शेवटचं वाक्य, तुलाच तासाला जावंसं वाटत नाही ते. ते तू सगळ्यात शेवटी, घाईघाईत लिहिलंयस, पण मला ते सगळ्यात जास्त लागलं. चार वर्षांत तुझ्याशी स्वतः, शाळेच्या बाहेर, कुणी जर्मनमध्ये शेवटचं कधी बोललं? बघ आठवून. आपण पण त्या मुलीसारखेच होतो, रोज तोच तक्ता, तोच पेपर, तीच उत्तरं, समोरून कुणी अनपेक्षित काही विचारतच नाही, आणि एके काळी आपल्याला या भाषेचं केवढं वेड होतं ते विसरायला होतं. त्या पोळीच्या भांडणाच्या दिवशी मला कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा उत्तर माहीत नव्हतं, आणि घरी जाताना मी स्कूटरवर पण तोच विचार करत होते. कॉलसाठी माणूस शोधशील तेव्हा आधी तू एकटी त्यांच्याशी अर्धा तास बोल, वर्गाची तयारी म्हणून नाही, स्वतःसाठी.

आणि त्या मुलीला, वही बंद करणारीला, पहिला प्रश्न विचारायला दे. सक्ती नको, नुसतं विचार की सुरुवात तू करशील का.

वेळेचं एक बघ, सप्टेंबरात तिकडे उन्हाळी वेळ चालू असते, आपले साडेबारा म्हणजे त्यांचे नऊ, शनिवारच्या शाळेत शेवटचा तास बरोबर बसतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग आपल्या साडेबाराला तिकडे आठच वाजलेले असतात, सुट्टीच्या दिवशी कुणाला इतक्या लवकर उठायला लावणं बरं नाही. तेव्हा त्याआधीचाच शनिवार ठरव, आणि काय झालं ते मला कळव, पोळीसारखं काही अडलं तर ते पण.